अन्ननलिकेचा कॅन्सर, पण नेमका कुठल्या पेशीचा?

आमच्या काकांचा एंडोस्कोपीचा रिपोर्ट हातात आला तेव्हा त्यात '२८ सेंटीमीटरवर वाढ' असं लिहिलेलं होतं आणि घरात सगळ्यांचा समज असा झाला की आत २८ सेंटीमीटरची गाठ आहे. काकू रात्रभर जागी होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की ते गाठीचं माप नाहीच, ते अंतर आहे, पुढच्या दातांपासून मोजत दुर्बीण २८ सेंटीमीटर आत गेली तेव्हा गाठ दिसायला लागली, एवढाच त्याचा अर्थ. गाठ स्वतः तीन सेंटीमीटरची पण नव्हती. हे कुणीतरी आदल्या दिवशीच दोन वाक्यांत सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं आणि म्हणूनच हा लेख लिहायला बसले.

मी डॉक्टर नाही. पण त्या दोन वर्षांत खूप वाचलं, डॉक्टरांना भंडावून सोडलं, आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. 'अन्ननलिकेचा कॅन्सर' हा नुसता पत्ता आहे. त्या पत्त्यावर कोण राहतंय ते त्यावरून कळत नाही. आणि उपचार ठरतात ते कोण राहतंय त्यावर.

आधी नळीच बघू. मोठ्या माणसाची अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर लांब असते, दातांपासून मोजलं तर १५ सेंटीमीटरच्या आसपास सुरू होते आणि ४० च्या आसपास जठराला मिळते. पुढे श्वासनलिका, मागे मणका, बाजूला शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, खाली हृदयाचा मागचा भाग अगदी चिकटून, म्हणजे जागा कशी अडचणीची आहे बघा. ती रबरी पाईपसारखी एका मटेरियलची नसते, तिची भिंत थराथरांची असते. सगळ्यात आत अस्तर, म्हणजे चपट्या पेशी एकावर एक रचलेल्या, फरशीवर फरशी ठेवावी तशा. त्याखाली मऊ थर, त्यात रक्तवाहिन्या, लसिकावाहिन्या (लिम्फ नावाचा पाणचट द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या) आणि बुळबुळीत पाणी सोडणाऱ्या छोट्या ग्रंथी. त्याच्या बाहेर स्नायू, घास खाली ढकलणारे. स्नायूंच्या मधे नसांचं जाळं. पोटातल्या बऱ्याच अवयवांना सगळ्यात बाहेरून एक पातळ गुळगुळीत आवरण असतं, ते मात्र अन्ननलिकेला जवळजवळ सगळीकडे नाहीच. त्यामुळे भिंतीतून बाहेर पडलेल्या गाठीला अडवायला फारसं काही उरत नाही, थेट शेजाऱ्यांच्या अंगावर.

आता यातल्या प्रत्येक थरात वेगवेगळ्या जातीच्या पेशी राहतात, आणि कॅन्सर म्हणजे शेवटी कुठल्यातरी एका पेशीचं बिघडलेलं खानदान. अस्तरातली पेशी बिघडली तर एक कॅन्सर, ग्रंथीतली बिघडली तर दुसरा, स्नायूतली बिघडली तर तिसराच. जगात २०२२ मध्ये अन्ननलिकेच्या कॅन्सरचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे पेशंट नोंदले गेले. त्यातले बहुतेक सगळे दोनच प्रकारचे. एक स्क्वॅमस, म्हणजे त्या चपट्या अस्तराच्या पेशींचा, जगभरात हाच सगळ्यात जास्त. दुसरा ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथींसारख्या पेशींचा, जो मुख्यतः खालच्या टोकाला होतो. हे दोन सोडून उरलेले सगळे मिळून शंभरात जेमतेम चार-पाच. ते दुर्मिळ. आणि त्या चार-पाचांतच इतके वेगवेगळे प्रकार आहेत की डोकं गरगरतं.

दुर्मिळ समजण्याआधी नेहमीचे दोन कसे होतात ते थोडक्यात सांगते, कारण गाडी त्याच रुळावरून पुढे जाते. अस्तराच्या पेशी सतत झिजतात आणि खालून नव्या तयार होतात. नवी पेशी करायची म्हणजे आख्खा डीएनए कॉपी करायचा आणि कॉपी करताना चुका होणारच. तंबाखू आणि दारू या चुका वाढवतात. दारू शरीरात मोडताना ॲसिटाल्डिहाईड नावाचा पदार्थ तयार होतो, तो डीएनएला इजा करतो, आणि ज्यांच्या शरीरात तो पुढे मोडायचं काम जन्मतःच मंद असतं (दारूच्या दोन घोटांत ज्यांचा चेहरा लाल होतो ते लोक) त्यांना धोका जास्त. फार गरम पेयांबद्दलही जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये सांगितलं की ६५ अंश सेल्सिअसच्या वरची पेयं 'बहुधा कॅन्सरकारक' आहेत. पुन्हा पुन्हा भाजणं, पुन्हा पुन्हा भरून येणं, आणि प्रत्येक भरून येण्यात नवीन कॉप्या, असा तो हिशोब.

ॲडिनोकार्सिनोमाची वाट वेगळी आहे. जठरातलं ॲसिड वर्षानुवर्षं वर येत राहिलं की खालच्या टोकाचं चपटं अस्तर टिकत नाही, आणि त्याच्या जागी आतड्यासारख्या पेशी उगवतात, ज्यांना ॲसिड सोसतं. याला बॅरेट्स इसोफॅगस म्हणतात, नॉर्मन बॅरेट या सर्जनच्या नावावरून. म्हणजे शरीरानं स्वतःला वाचवायला केलेली ही तडजोड असते, आणि त्या तडजोडीतल्याच काही पेशी पुढे बिघडतात. बॅरेट्स आहे म्हणून घाबरून जाऊ नका, त्यातल्या शंभरात एकाहूनही कमी लोकांना एका वर्षात कॅन्सर होतो, पण डॉक्टर सांगतील तेव्हा दुर्बिणीतून तपासून घ्यायला चुकू नका.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. २०१८ मध्ये एक संशोधन आलं, ज्यात ९ जणांच्या अगदी निरोगी अन्ननलिकेचं अस्तर बारीक बारीक तुकड्यांत तपासलं, वय २० ते ७५. त्यात दिसलं की मध्यम वयापर्यंत निम्म्याहून जास्त अस्तर बदललेल्या जीनच्या पेशींनी व्यापलेलं असतं. निम्म्याहून जास्त! आणि त्या लोकांना कॅन्सर नव्हता. म्हणजे एखादा जीन बिघडला की झाला कॅन्सर, असं नसतं. बिघडलेल्या पेशी एकमेकींना ढकलत, जागेसाठी भांडत वर्षानुवर्षं राहतात आणि बहुतेक तिथेच संपतात. कॅन्सर व्हायला त्याच पेशीत एकापाठोपाठ एक अनेक बिघाड जमावे लागतात, त्यातही टीपी ५३ नावाचा जीन, जो बिघडलेल्या पेशीला थांबवतो किंवा मारून टाकतो, तो दोन्ही कॉप्यांतून गेला की मग घसरण सुरू होते. "मी असं काय केलं म्हणून मला झालं" हा प्रश्न काका रोज विचारायचे. मला हे तेव्हा माहीत असतं तर त्यांना सांगितलं असतं.

आता दुर्मिळ प्रकार. आतल्या थरापासून बाहेर जाऊ.

पहिला स्मॉल सेल. काकांना हाच होता, त्यामुळे यावर जरा जास्त लिहिणार आहे. याचं नाव आपण ऐकलेलं असतं ते फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये, पण तो अन्ननलिकेतही होतो, अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये शंभरात एक-दोन. १९५२ मध्ये मॅककिओन यांनी पहिल्यांदा याचं वर्णन केलं. अस्तराच्या तळाशी काही मोजक्या पेशी असतात ज्या अर्ध्या नसांसारख्या आणि अर्ध्या ग्रंथींसारख्या वागतात, त्यांना न्यूरोएंडोक्राईन पेशी म्हणतात. हा कॅन्सर त्यांच्यापासून होतो असं काही जण मानतात. दुसरं मत असं की अस्तराच्या तळाशी ज्या मूळ पेशी असतात, ज्यांच्यातून बाकीच्या घडतात, त्यातलीच एखादी भरकटून या वाटेला लागते. या दुसऱ्या मताला एक चांगला आधार आहे, बऱ्याच वेळा एकाच गाठीत थोडा भाग स्मॉल सेल आणि थोडा भाग साधा स्क्वॅमस सापडतो. दोन्ही एकाच आईची मुलं असल्याशिवाय हे कसं व्हायचं.

यात टीपी ५३ च्या जोडीला आरबी १ नावाचा आणखी एक ब्रेक निकामी होतो. दोन्ही ब्रेक गेलेली गाडी उतारावर. पेशी इतक्या भराभर दुणावतात की त्यांना अंगावर पेशीरस जमवायलाही वेळ मिळत नाही, म्हणून मायक्रोस्कोपखाली त्या छोट्या, गडद, जवळजवळ नुसत्या केंद्रकाच्या दिसतात, एकमेकींना चेपलेल्या. किती टक्के पेशी आत्ता दुणावण्याच्या तयारीत आहेत ते दाखवणारा एक आकडा रिपोर्टमध्ये असतो, केआय ६७, आणि स्मॉल सेलमध्ये तो खूप वर असतो. काही पेशंटमध्ये या पेशी हॉर्मोनसारखे पदार्थ पण सोडतात, त्यामुळे रक्तातलं सोडियम उतरतं, माणूस गोंधळल्यासारखा बोलायला लागतो आणि घरच्यांना वाटतं वयामुळे झालं.

उपचारात फरक कुठे पडतो ते बघा. नेहमीच्या कॅन्सरमध्ये गाठ लवकर सापडली तर ऑपरेशन हा मोठा आधार असतो. स्मॉल सेल मात्र गाठ छोटी असतानाच रक्तातून आणि लसिकेतून दूर गेलेला असू शकतो, निदान होतं तेव्हा बऱ्याच जणांत तो पसरलेला असतो, म्हणून इथे मुख्य भिस्त केमोवर, सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन आणि सोबत एटोपोसाईड, आणि जोडीला रेडिएशन. आमच्याकडे पहिल्या रिपोर्टमध्ये फक्त 'पूअरली डिफरन्शिएटेड कार्सिनोमा' एवढंच आलं होतं, म्हणजे कॅन्सर आहे पण पेशी इतक्या बिघडल्यात की कुठल्या घराण्यातल्या ते ओळखू येत नाही. त्यावर ऑपरेशनची तारीख पण ठरली होती. एका तरुण डॉक्टरनं आग्रह धरला की आधी जादा स्टेन करून घ्या, त्याच्या हट्टामुळे खरं नाव कळलं आणि ऑपरेशन रद्द झालं. स्टेन म्हणजे काय ते पुढे सांगते.

दुसरा प्रकार ऐकून कुणाचाही विश्वास बसत नाही. अन्ननलिकेत मेलानोमा. मेलानोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, तो उन्हानं होतो असं आपण ऐकलेलं, आणि छातीच्या आत कुठलं आलंय ऊन? खूप वर्षं डॉक्टरांनाही हेच वाटायचं, अन्ननलिकेत मेलानोमा दिसला की तो त्वचेवरून आला असणार असं धरून चालायचे. मग १९६३ मध्ये १०० शवविच्छेदनांमधल्या अन्ननलिका तपासल्या गेल्या आणि त्यातल्या ४ मध्ये रंगाच्या पेशी सापडल्या. म्हणजे काही लोकांच्या अन्ननलिकेत त्या जन्मापासूनच बसलेल्या असतात. याचं कारण गर्भात आहे. पाठीच्या कण्याजवळच्या एका पट्टीतून या पेशी निघतात आणि चालत चालत त्वचेकडे जातात, वाटेत काही चुकतात आणि भलतीकडेच मुक्काम करतात. बहुतेकांच्या त्या आयुष्यभर गप्प बसतात. क्वचित एखादी बिघडते. अन्ननलिकेच्या हजार कॅन्सरमध्ये एक-दोन इतकं हे प्रमाण.

दुर्बिणीतून तो बहुतेक वेळा काळपट, जांभळट, आत लोंबणारा गोळा दिसतो. पण काही मेलानोमा रंग बनवतच नाहीत, ते नुसतेच गुलाबी-पांढरे दिसतात, आणि तिथे फसायला होतं. उन्हाचा संबंध नसल्यामुळे यातले जीनचे बिघाडही त्वचेच्या मेलानोमापेक्षा वेगळे असतात, त्वचेत नेहमी सापडणारा बीआरएएफ नावाच्या जीनमधला बदल इथे कमी दिसतो. त्यामुळे त्वचेच्या मेलानोमाचं औषध जसंच्या तसं इथे लावून चालत नाही, आधी जीन तपासावे लागतात. शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीचा अडवलेला हात मोकळा करणारी इम्युनोथेरपी मात्र यातही वापरली जाते.

तिसरा कार्सिनोसार्कोमा, याला सार्कोमॅटॉईड किंवा स्पिंडल सेल असंही लिहिलेलं सापडेल, घाबरू नका, जवळपास एकाच आजाराची नावं आहेत. कार्सिनोमा म्हणजे अस्तराचा कॅन्सर, सार्कोमा म्हणजे स्नायू, हाड, चरबी अशा आधार देणाऱ्या भागांचा. इथे एकाच गाठीत दोन्ही. पूर्वी वाटायचं की दोन वेगळे कॅन्सर शेजारी शेजारी उगवून एकमेकांत शिरले असतील. आता बहुतेक जण मानतात की मूळ पेशी एकच, अस्तराचीच, तिच्यातल्या काही लेकींनी आपली ओळख टाकून दिली. अस्तराच्या पेशी एकमेकींचे हात घट्ट धरून एका जागी बसतात. या पेशी हात सोडतात, लांबट होतात, हलायला लागतात. हीच कला गर्भात अवयव घडताना आणि जखम भरताना शरीर वापरतं, कॅन्सर ती चोरतो.

यात एक बरी गोष्ट आहे. ही गाठ भिंतीत खोल जायच्या आधी नळीच्या पोकळीत देठावर लोंबत मोठी होते, त्यामुळे घास लवकर अडकतो, पेशंट लवकर दवाखान्यात जातो. गाठ बघायला भीतीदायक मोठी, पण मुळं कधीकधी उथळ.

याच्या अगदी उलट स्वभावाचा एक आहे, व्हेरुकस कार्सिनोमा. मोठ्या चामखिळीसारखा, पांढरट, खरखरीत. अतिशय हळू वाढतो, दूर पसरत नाही म्हटलं तरी चालेल, आणि तरीही त्रास देतो, कारण तो सापडतच नाही. वरून त्याच्या पेशी जवळजवळ नॉर्मल दिसतात. बायोप्सीचा चिमटा किती छोटा असतो हे मी स्वतः बघितलंय, तो जो तुकडा काढतो ना तो मोठ्या टाचणीच्या डोक्याएवढा, दोन-तीन मिलीमीटर, आणि तोही वरवरचा. त्यात पॅथॉलॉजिस्टला (मायक्रोस्कोपखाली तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरला) दिसतं काय तर जाड झालेलं अस्तर, थोडी सूज. रिपोर्ट येतो 'कॅन्सर नाही'. पुन्हा बायोप्सी, पुन्हा तेच. दुर्बिणीत तर समोर एवढी वाढ दिसतेय आणि कागद म्हणतो काही नाही. अशा वेळी कागदावर विसंबून घरी बसायचं नाही, खोलवरचा मोठा तुकडा घ्यावा लागतो. कधीकधी आख्खी वाढ काढल्यावरच निदान पक्कं होतं. वर्षानुवर्षं सूज राहिलेल्या अन्ननलिकेत हा जास्त दिसतो, उदाहरणार्थ अकॅलेशिया, ज्यात खालचं टोक नीट उघडत नाही आणि अन्न तुंबून राहतं.

तुंबण्यावरून आठवलं, लहानपणी चुकून कॉस्टिक सोड्यासारखं काही पिऊन अन्ननलिका भाजलेल्या लोकांना, तीसचाळीस वर्षांनी त्या जुन्या व्रणाच्या जागी स्क्वॅमस कॅन्सर होऊ शकतो. प्रकार नेहमीचा, पण वाट दुर्मिळ. आपल्या ओळखीत असं कुणी असेल तर ती गोष्ट डॉक्टरांना सांगायलाच हवी, लहानपणीची म्हणून सोडून द्यायची नाही.

अस्तराच्या खाली उतरलो की ग्रंथी लागतात. लाळग्रंथींच्या या लहान बहिणीच म्हणा ना. त्यामुळे लाळग्रंथीत होणारे कॅन्सर इथेही क्वचित होतात, ॲडिनॉईड सिस्टिक आणि म्यूकोएपिडरमॉईड. ॲडिनॉईड सिस्टिकची खोड अशी की तो नसांच्या कडेकडेनं सरकत जातो. अडचण दोन प्रकारची. गाठ अस्तराखाली असल्यानं वरचं अस्तर गुळगुळीत, धडधाकट दिसतं आणि चिमट्यात फक्त ते अस्तरच येतं. आणि दुसरं म्हणजे बेसलॉईड स्क्वॅमस नावाचा एक तापट कॅन्सर मायक्रोस्कोपखाली याच्यासारखाच जाळीदार दिसतो, पूर्वी ॲडिनॉईड सिस्टिक म्हणून छापलेल्या बऱ्याच केसेस नंतर बेसलॉईड निघाल्या. दोघांचा पुढचा प्रवास अगदी वेगळा असतो, त्यामुळे इथे घाई नको.

आणखी बाहेर गेलो की स्नायूंचा थर. इथे सापडणाऱ्या बहुतेक गाठी साध्या असतात, लिओमायोमा, कॅन्सर नव्हेच. क्वचित त्याचा कॅन्सरवाला भाऊ लिओमायोसार्कोमा. आणि क्वचित जिस्ट. जिस्टची गोष्ट मला फार आवडते, त्यामुळे जरा थांबते इथे.

पचनमार्गाच्या भिंतीत काही पेशी असतात ज्या आतड्याला ठेका देतात, कधी आकुंचन पाव, कधी सैल हो. त्यांना काहालच्या पेशी म्हणतात. जिस्ट त्यांच्या घराण्याचा कॅन्सर. खूप वर्षं त्याला स्नायूचाच कॅन्सर समजून तीच केमो द्यायचे आणि ती कामच करायची नाही. १९९८ मध्ये हिरोता आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी दाखवलं की यात किट नावाचा जीन बिघडलेला असतो. किट म्हणजे पेशीच्या अंगावरचं एक बटण, बाहेरून संदेश आला की 'वाढ' असं सांगणारं. बिघडलेल्या किटमध्ये ते बटण दाबलेल्या अवस्थेतच अडकतं, संदेश येवो न येवो. रक्ताच्या एका कॅन्सरसाठी बनवलेली इमॅटिनिब नावाची गोळी हे बटणही बंद करते असं लक्षात आलं, २००० साली फिनलंडमधल्या एका महिलेला ती पहिल्यांदा दिली, पसरलेला जिस्ट होता तिला, आणि गाठी आकसल्या. २००१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. नुसती पेशीची ओळख बरोबर पटली म्हणून आजाराचं नशीब बदललं, याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

जठरात गाठ सापडली तर जिस्टची शक्यता भरपूर, सगळ्या जिस्टपैकी निम्म्याहून जास्त तिथेच असतात. अन्ननलिकेत शंभरात एखादाच. तिथे साधा लिओमायोमा जास्त. पण दोन्ही स्कॅनवर एकसारखे गोल, गुळगुळीत दिसतात. लिओमायोमा असेल तर भिंतीतून नुसती गाठ सोलून काढता येते किंवा नुसतं लक्ष ठेवता येतं. जिस्ट असेल तर तशी सोलायला जाणं धोक्याचं, कारण तो फुटला की पेशी सांडतात. म्हणून दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी असलेली एंडोस्कोपी करून, भिंतीच्या पलीकडे सुई घालून नमुना घेतात.

लिम्फोमा म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, तोही इथे होऊ शकतो, फार म्हणजे फारच क्वचित, आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांत थोडा जास्त, जसं एचआयव्ही. यात ऑपरेशनची गरज सहसा पडत नाही, औषधांनी वितळतो, आणि म्हणून तो ओळखणं फायद्याचं. काही वेळा तर गाठ अन्ननलिकेची नसतेच, पाहुणी असते. स्तनाचा कॅन्सर बरा होऊन कित्येक वर्षं झालेली बाई, गिळायला त्रास म्हणून येते आणि छातीतल्या लसिकागाठींमधून तो जुना कॅन्सर अन्ननलिकेच्या भिंतीत शिरलेला असतो, अस्तर वरून स्वच्छ. जुना आजार डॉक्टरांना न सांगणं इथे महागात पडतं.

आनुवंशिक वाट पण एक आहे, फारच दुर्मिळ. टायलोसिस. तळहात आणि तळपायाची कातडी लहानपणापासूनच जाड, पिवळट, भेगाळलेली. १९५८ मध्ये लिव्हरपूलमधल्या दोन कुटुंबांचा अभ्यास छापून आला, त्यात अशी कातडी असणाऱ्यांना अन्ननलिकेचा कॅन्सर होत होता, आणि ज्यांची कातडी साधी त्यांना जवळजवळ नाहीच. आरएचबीडीएफ २ हा त्यामागचा जीन २०१२ मध्ये सापडला. जाड तळहात अनेक कारणांनी होतात, कष्टाच्या कामानं तर होतातच, त्यामुळे आरशासमोर हात धरून बसू नका. पण घरात पिढ्यान्‌पिढ्या तसे तळहात आणि अन्ननलिकेचा कॅन्सर दोन्ही असेल तर मात्र सांगावं.

आता ते स्टेनचं. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवतात, त्या मेणाच्या ठोकळ्याचे केसाहून पातळ काप काढतात आणि काचेवर घेतात. साध्या गुलाबी-जांभळ्या रंगात पेशीचा आकार दिसतो. पण पेशी फारच बिघडलेली असेल तर आकारावरून घराणं कळत नाही. मग विशिष्ट प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडं त्या कापावर टाकतात, प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन उमटलं तर न्यूरोएंडोक्राईन, स्मॉल सेलकडे बोट. एस १००, एचएमबी ४५, मेलान ए उमटलं तर मेलानोमा. किट आणि डॉग १ तर जिस्ट, डेस्मिन तर स्नायू, पी ४० तर स्क्वॅमस. पेशीनं चेहरा बदलला तरी आतली काही प्रथिनं ती टाकू शकत नाही, त्यावरून ती पकडली जाते. काकांच्या दुसऱ्या रिपोर्टमध्ये अशा सहा-सात स्टेनची नावं होती, पुढे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह, आणि खाली एका ओळीत आजाराचं खरं नाव.

लक्षणांनी मात्र यातला कुठलाच प्रकार ओळखता येत नाही. सगळ्यांचं एकच गाऱ्हाणं, घास अडकतो. आधी कोरडं, घट्ट खाणं, मग मऊ, मग पाणी. अन्ननलिका इतकी ताणली जाते की पोकळी साधारण १३ मिलीमीटरच्या खाली येईपर्यंत बऱ्याच जणांना अडकल्याचं जाणवतच नाही, आणि जाणवायला लागलं तरी माणूस नकळत जुळवून घेतो, लहान घास घेतो, जास्त चावतो, वर पाणी पितो. काका चार महिने प्रत्येक घासावर पाणी पीत होते आणि आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. वजन उतरत होतं, आम्ही म्हणायचो, बरं झालं, पोट कमी झालं. कुणी जेवताना सारखं पाणी मागायला लागलं, सगळ्यांच्या शेवटी उठायला लागलं, आवाज बसला, तर एंडोस्कोपीला वेळ लावू नका. दहा-पंधरा मिनिटांची तपासणी आहे.

प्रकार दुर्मिळ असला की आणखी एक अडचण येते. एका ठिकाणी असे पेशंट इतके कमी येतात की शेकडो जणांवर दोन औषधांची तुलना करणाऱ्या ट्रायल होतच नाहीत. मग डॉक्टर त्याच पेशीच्या दुसऱ्या अवयवातल्या कॅन्सरवरून शिकतात. अन्ननलिकेच्या स्मॉल सेलला फुफ्फुसाच्या स्मॉल सेलची केमो, अन्ननलिकेच्या जिस्टला जठराच्या जिस्टची गोळी. म्हणून सर्जन, केमोवाले, रेडिएशनवाले आणि पॅथॉलॉजिस्ट हे सगळे एकत्र बसून केस बघतात अशा ठिकाणी एकदा तरी कागद दाखवून घ्या. डॉक्टरांना सरळ विचारा, पेशीचा प्रकार कुठला, कुठल्या स्टेनवरून ठरवला, आणि ज्यांनी हा प्रकार आधी पाहिलाय अशा पॅथॉलॉजिस्टनं स्लाईड बघितली का. यात डॉक्टरांचा अपमान वगैरे काही नसतो.

आणि तो मेणाचा ठोकळा. रिपोर्टमध्ये ज्याला 'ब्लॉक' म्हणतात तोच. तो लॅबमध्ये वर्षानुवर्षं नीट राहतो आणि त्याच्यातून पुन्हा नवीन काप काढता येतात, पेशंटला पुन्हा सुई-चिमटा न लावता. पेशंट किंवा घरच्यांनी अर्ज केला की ब्लॉक आणि स्लाईड दुसऱ्या मतासाठी मिळतात. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या तरुण डॉक्टरनं सांगितलं म्हणून मी स्वतः जाऊन तो घेऊन आले, छोट्या प्लॅस्टिकच्या जाळीवर बसवलेला पांढरा मेणाचा चौकोन, त्यात मधे तीन बारीक ठिपके, आणि कडेला पेन्सिलनं लिहिलेला काकांचा नंबर.